खोकल्यासकट

ती तबकडी आमच्याकडे आली
खलाशाच्या पिशवीतून, लोकरी मोज्यात गुंडाळून.
कोत्का बंदर, एकोणऐंशीचा फेब्रुवारी.
समुद्र इतका गोठलेला की बर्फ फोडणारी बोट
रात्रभर दात खात होती.
ओसमोचा मामा म्हणाला, पेरूतल्या कायाओला मिळाली,
मासळीच्या भुकटीची पोती चढवताना
एका पोरानं दिली,
सिगारेटच्या दोन पाकिटांवर.

गाणं मूळचं कुणाचं ते ठाऊक होतं.
अमेरिकेतले चापूनचोपून भांग पाडलेले चौघे,
आमच्या आया भांडी विसळताना गुणगुणायच्या.
पण हे ते नव्हतं.
या पोरांना इंग्रजी येत नव्हतं.
खरखरत्या रेडिओवरून शब्द कानानं टिपले असणार,
आणि ओळीओळीत ध चा मा.
मूळ गाण्यात एक मुलगी सोडून जाते.
यांच्या गाण्यात काय जातं ते कळत नाही,
पण जातं.
आणि परत येत नाही.

गिटार अशी, की स्पीकरचा कागद ब्लेडनं फाडलाय.
आणि दुसऱ्या कडव्याआधी, जिथं मूळच्यांनी शीळ घातलीय,
तिथं कुणीतरी खोकतं.
दोनदा. मग तिसऱ्यांदा, खोल,
रिकाम्या विहिरीत बादली आपटावी तसं.

आम्ही ते बसवलं लाकूड गिरणीच्या बॉयलरखोलीत.
ओसमोला तीन कॉर्ड येत, त्यातली एक चुकीची.
वेग दुप्पट, कारण हात गारठलेले.
सिरक्का गायली, जसं ऐकू आलं तसं,
चुकीवर स्वतःची चूक चढवून,
उसन्याची उसनवारी.
खोकला गाळू या, ओसमो म्हणाला.
सिरक्कानं मायक्रोफोन खाली ठेवला:
गाण्यात आहे ते गाण्यात आहे.

मी ड्रमवर, तोंड मोकळं,
म्हणून खोकला माझ्या वाट्याला आला.
पंधरा दिवस घोकला.
खरा खोकला बोलावून येत नाही हो,
उचकीसारखाच तो,
आपण वाट पाहिली की दडून बसतो.

दोनशे प्रती काढल्या. चाळीस खपल्या.
बाकीच्या ओसमोच्या सौनात वाकल्या,
त्यांत त्याची आई शेंगदाणे ठेवायची.

याला कव्हर म्हणतात.
वहीला घालतात तसं.
पण ते घालायचं आतल्याला धूळ लागू नये म्हणून;
आम्ही तर धूळच तेवढी उचलली होती.

गेल्या महिन्यात कायाओहून पत्र आलं.
निल्दा उआमान, वय एक्क्याऐंशी,
लिहिलंय नातीनं, फिनिशमध्ये कुणाकडून तरी करून घेऊन.

तुमची तबकडी ऐकली. बाई फार ओरडते.
पण मधला खोकला अबेलार्दोचा आहे.
माझा भाऊ. भुकटीच्या कारखान्यात होता,
छातीत तीच भुकटी साठली होती.
तो बँडमध्ये नव्हता.
पोरांचा ड्रम उचलून आणला आणि दाराशी उभा राहिला.
पुन्हा वाजवायला त्यांच्याकडे पैसे नव्हते.
अडुसष्टमध्ये गेला.
आमची प्रत चौऱ्याहत्तरच्या भूकंपात फुटली.
त्याच्या आवाजाचं घरात दुसरं काही नाही.
तुमच्यात जो कोणी खोकतो, त्याला सांगा,
तिसऱ्याआधी तो इतका थांबत नसे.

आधी मला रागच आला.
चाळीस वर्षांत आमच्या बँडबद्दल कुणी लिहिलेलं
हे एकुलतं एक परीक्षण.

मामाची तबकडी अजून माझ्याकडे आहे.
उद्या टपालात टाकीन, मोजा नवा घेतलाय.
आज स्वयंपाकघरात लावली, दिवा न लावता,
मांडीवर बोटांनी ताल धरून.
एक. दोन.
आतल्या खोलीतून बायको म्हणाली, डॉक्टरला दाखवा एकदा.

म्हातारीचं बरोबर आहे.
मी एक ठोका उशिरा होतो.